लिसार्दीच्या दारावरची ढाल

ग्राशियानाच्या कानाच्या पाळ्या चांगल्या जाड, लांब, लोंबत्या होत्या. हे सगळ्यात आधी सांगितलं पाहिजे. कारण बास्तानच्या खोऱ्यात, वरच्या गावातल्या बायका शपथेवर सांगायच्या, की अगोतांच्या कानाला पाळीच नसते. ग्राशियाना त्या पाळ्यांत पितळेची ही एवढाली वळी घालायची. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन वरच्या गावातनं निघाली, की डोक्याचा रुमाल मुद्दाम कानामागं खोचायची. एखादी टक लावून बघायला लागली, की ही उभी राहायची.

"ओढून बघायची का? या की. लाजताय कशाला? ओढून बघायला काही पडत नाही."

ती बाई छातीवर क्रूस काढत आत पळायची.

अगोत म्हणजे नेमके कोण, हे अगोतांनाही माहीत नाही. कुणी म्हणे महारोग्यांची पोरं, कुणी म्हणे कुठल्याशा हरलेल्या फौजेतले मागं राहिलेले लोक. ते गवतावरनं अनवाणी चालले तर गवत करपतं, असंही म्हणायचे. यावर ग्राशियानाचा थोरला भाऊ बेटिरी गुत्त्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "मग मक्यातलं तण काढायला मजूर कशाला लावता रे? आम्हाला सांगा. बूट काढून एक चक्कर मारतो, काम झालं!" बेटिरीच्या तोंडाला लागायला खोऱ्यात कुणी धजत नसे. तसा दुसरा माणूसच नव्हता.

तर खोऱ्यातला रिवाज असा. इथला प्रत्येक घरवाला सरदार. मेंढरांमागं फिरणारा सरदार, पाणचक्कीवाला सरदार, ज्याच्या छपरातनं पाणी गळतं तोही सरदारच. शेकडो वर्षांमागं एका लढाईत खोऱ्यातल्या माणसांनी आपला जीव सोंगटीसारखा पटावर लावला म्हणे, म्हणून राजानं सगळ्यांना मिळून एकच खूण दिली. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट. तो पट ढालीच्या आकारात दगडात कोरून ज्यानं त्यानं आपल्या दारावर बसवलेला. घराचं नाव आणि दारावरची ढाल, एवढ्यावर माणूस ओळखला जातो. आडनाव कुणी विचारत नाही, कुठल्या घरचा ते विचारतात.

फक्त ओढ्याच्या अलीकडं, एरेकाल्दे वस्तीत, ढाल नाही. घरं तशीच, त्याच तांबड्या दगडाची, त्याच उतरत्या छपरांची. दारावरची जागा मात्र कोरी.

आणि गंमत बघा. खोऱ्यातल्या एकूण एक ढाली या एरेकाल्देच्याच लोकांनी कोरल्यात. दगडाला हात लावणं हे अगोताचं काम, असं वरच्या गावानं ठरवून टाकलेलं. जनावरं पाळू द्यायची नाहीत, जमीन धरू द्यायची नाही, मग उरलं काय? दगड आणि लाकूड. ते यांनी असं धरलं, की दुसऱ्या कुणाला छिन्नी कुठल्या बाजूनं धरतात तेही कळेनासं झालं. ग्राशियानाचा बाप पाथरवट, आजा पाथरवट, आणि बेटिरी तर असा पाथरवट, की त्यानं कोरलेल्या पटावर पावसाचं पाणीसुद्धा चौकटी मोजत उतरायचं. गावप्रमुख मिगेल आन्तोनच्या दारावरची ढाल बेटिरीचीच. वर शिरस्त्राण, बाजूला द्राक्षाच्या वेली, काय विचारू नका. तिच्याखालनं मिगेल आन्तोन रोज मान वर करून आत जायचा, आणि बेटिरी समोरनं आला तर मान दुसरीकडं वळवायचा.

ग्राशियाना लहानपणापासून अशीच. चर्चमध्ये अगोतांचं दार वेगळं, बसायची जागा मागं, आणि पवित्र पाण्याचं भांडंही वेगळं, कोपऱ्यात, लहान. गावाच्या मोठ्या भांड्याला बोट लावायचं नाही. जेमतेम शाळेत जायच्या वयाची असताना ही पोरगी सगळ्यांच्या देखत गेली आणि मोठ्या भांड्यात कोपरापर्यंत हात घातला. नुसती बोटं नाहीत, अख्खा हात. आईनं तिला बाहेर नेऊन थोबाडलं.

"कशाला घातलास गं हात?"

"उन्हाळा होता," ग्राशियाना म्हणाली.

लग्न तिनं केलं नाही. मागणी घालणारा होता एक, वरच्या गावातला. ओढ्याकाठी भेटला की गोड बोलायचा, आणि बाजारात भेटला की ओळख द्यायचा नाही. एका बाजारच्या दिवशी ही त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, काल ओढ्यावर तुमची टोपी राहिली." टोपी त्याच्या डोक्यावरच होती. पण तो जो लाल झाला, तो पुढं कितीतरी दिवस ओढ्याकडं फिरकला नाही.

लिसार्दीच्या घरी ती कामाला लागली ती लोकर धुवायला. लिसार्दी म्हणजे वरच्या गावातलं दुसऱ्या नंबरचं मोठं घर. मालकीण एन्ग्रासिया. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पुतणे होते ते अमेरिकेत जाऊन तिकडचेच झालेले. एन्ग्रासिया काही देवमाणूस नव्हती, खवट होती. ग्राशियानाला कितीतरी वर्षं तिनं वेगळ्या वाडग्यात जेवायला घातलं, काठावर चीर असलेल्या. मग तिचे पाय गेले. ग्राशियाना तिला उठवायची, बसवायची, न्हाऊ घालायची. एक दिवस तो चिरलेला वाडगा ग्राशियानाच्या हातनं पडला आणि फुटला. एन्ग्रासिया आपल्या पुढ्यातला वाडगा ढकलून म्हणाली, "यात खा. आणि माझा चमचा घेऊ नको, तो माझ्या आईचा आहे."

बस. एवढंच. त्यापुढं दोघी एकाच वाडग्यात जेवल्या, चमचे वेगळे.

खोऱ्यात घराचे तुकडे होत नाहीत. घरवाला ज्याचं नाव घेईल त्याचं अख्खं घर, त्यात कुणाला बोट घालता येत नाही. एन्ग्रासियानं पाद्र्याला बोलावलं, नोटरीला बोलावलं, आणि साक्षीला समोरच्या घरच्या येनोबेबाला. सगळ्यांसमोर ग्राशियानाचं नाव घेतलं. पाद्र्याला ठसका लागला.

"एन्ग्रासिया, पोरी, नीट विचार केलास का?"

"विचारच करत पडलेय ना वर्षभर! दुसरं काय काम आहे मला? ही नसेल तर माझी चूल कोण पेटवणार? तुम्ही?"

येनोबेबानं नाक एवढं वर केलं, की माडीवरनं दिसलं असतं.

येनोबेबा म्हणजे लिसार्दीचा पहिला शेजार. खोऱ्यात प्रत्येक घराला एक पहिला शेजार असतो. भाऊ भांडेल, जावई पळेल, पण पहिल्या शेजाराला सुटका नाही. घरात माणूस गेलं तर मेणबत्ती त्यानं लावायची, भाकरी त्यानं आणायची, अंत्ययात्रेत क्रूस त्यानं धरायचा. आणि मागच्या परसात जाऊन मधमाश्यांच्या पोळ्यांवर टकटक करून त्यांना सांगायचं, की तुमची मालकीण गेली, आता नवी मालकीण अमुक. सांगितलं नाही तर माश्या घर सोडून जातात. आणि माश्यांशी खोटं बोललेलं चालत नाही, हे खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

एन्ग्रासिया गेली तेव्हा येनोबेबानं हे सगळं बिनचूक केलं. फक्त ग्राशियानाशी एक शब्द बोलली नाही. बोलायचं झालं तर ती भिंतीशी बोलायची.

"भिंते, सांग कुणाला तरी, दूध उतू चाललंय."

ग्राशियानाही भिंतीलाच उत्तर द्यायची. "भिंते, सांग, बघितलं मी."

मग येनोबेबा परसात गेली. ग्राशियाना खिडकीत उभी राहिली. ऐकायचंच होतं तिला, हिच्या तोंडून काय निघतं ते. म्हातारी पोळ्यांपुढं ओठ चावत उभी होती. मग पहिल्या पोळ्यावर बोटाच्या पेरानं वाजवून म्हणाली, "एन्ग्रासिया गेली गं बायांनो. आता लिसार्दीची मालकीण ग्राशियाना." आणि भसकन थुंकली. पण पोळ्यावर नाही, बाजूला.

क्रियाकर्म आटोपलं आणि पुढच्याच आठवड्यात मिगेल आन्तोन आला. बरोबर पंचायतीतले दोघं जण. आत या म्हटलं तर आले नाहीत, अंगणात उभे राहिले. पाऊस भुरभुरत होता. तिघांच्या टोप्यांवरनं पाणी गळत होतं.

"ग्राशियाना," मिगेल आन्तोन म्हणाला, "घर तुझं. म्हातारीनं दिलं, कायद्यानं दिलं, आम्ही नाही म्हणत नाही."

"बरं झालं. नाही म्हणून बघितलंच असेल तुम्ही, म्हणून नाही म्हणत नाही."

मिगेल आन्तोननं घसा खाकरला. नोटरीकडं दोनदा जाऊन आला होता तो.

"पण ढाल घराची नाही, खोऱ्याची आहे. ज्यांच्या बापजाद्यांनी जीव पटावर लावला, त्यांची आहे. ती इथं राहायची नाही. सेंट मार्टिनच्या सणापर्यंत उतरव."

"आणि नाही उतरवली तर?"

"हे बघ, आम्ही काही राक्षस नाही. उतरवायची नसेल तर चुन्याचा एक जाड हात मार तिच्यावर. नुसता चुना! भिंत गुळगुळीत दिसेल. कुणी काही बोलणार नाही. तू सुखानं राहा, तुझी डुकरं पाळ, तुझा मका लाव."

ग्राशियानानं वर बघितलं. दारावरची ढाल शेवाळानं हिरवी झाली होती. चौकटी नीट दिसतही नव्हत्या.

"मिगेल आन्तोन, पटात काळी घरं किती नि पांढरी किती?"

"सारखीच असतात. त्याचं काय?"

"काळी घरं सगळी काढून टाका बघू. काय राहतं?" तिनं ढालीकडं बोट केलं. "पट राहत नाही. कोरा दगड राहतो. एरेकाल्देत आमच्या दारावर आहे तसला. तुमच्या पटातली निम्मी घरं आमची आहेत, म्हणून तो पट आहे. आणि जीव लावायचं म्हणाल, तर तुमच्या बापजाद्यांनी एकदाच लावला. त्यांच्या घरांवर परांचीवर चढून दगड बसवताना माझा आजा पडून मेला, माझा चुलता लंगडा झाला. त्यांच्यासाठी कुठल्या राजानं काय दिलं?"

"तोंड फार चालतं तुझं."

"चालतं. चुना नाही लावणार मी. माझ्या घराच्या तोंडाला चुना लावायचा आणि मी आत बसून खायचं? उतरवायची तर तुम्ही या आणि उतरवा. मी इथं दारात असेन."

ते गेले. ग्राशियाना आत आली आणि आतनं कडी घातली. चुलीपुढं बसून राख उकरत राहिली. भीती वाटली नाही असं नाही. पण तिनं ती कुणाला दाखवली नाही, आणि हेच तर त्या घराण्याचं रक्त.

एरेकाल्देत मात्र गहजब झाला. तुम्हाला वाटेल सगळी वस्ती तिच्या पाठीशी उभी राहिली. छे! निम्मे लोक तिच्यावरच उखडले. वस्तीतला सगळ्यात म्हातारा सुतार सलबादोर तिच्या अंगणात येऊन काठी आपटत म्हणाला, "पोरी, आपल्यातल्या कुणाला कधी असं घर मिळालंय का? गाई आहेत, सफरचंदाची बाग आहे. आणि तू एका दगडासाठी भांडतेस? चुना लाव आणि गप्प राहा. त्यांचं डोकं फिरलं तर उद्या आमची कामं बंद करतील."

"सलबादोर काका, तुम्ही आयुष्यभर वाकलात. म्हणून तुम्हाला दारावरचं दिसतच नाही, जोतंच दिसतं."

"मी वाकलो म्हणून तुझा बाप जेवला!"

ते खरंच होतं. ग्राशियानानं मान हलवली. मग म्हणाली, "हो. जेवला. आणि वाकूनच मेला. काका, मला ढाल शोभेला नको. उद्या मी हिच्यावर चुना लावला, तर घर मिळून मी पुन्हा एरेकाल्देचीच. मग ही भिंतसुद्धा मला मालकीण म्हणणार नाही."

सलबादोरला ते पटलं नाही. पटलं नाही ते नाहीच. पण त्या दिवसापासून काठी आपटायला तो ओढ्यावरच थांबायचा, अंगणापर्यंत येत नसे.

इकडं मिगेल आन्तोननं बेटिरीला निरोप धाडला. ढाल उतरवायची आहे, छिन्नी घेऊन ये. बेटिरी छिन्नी घेऊन गेला, पण मिगेल आन्तोनच्या घरी.

"कुठली उतरवायची? ही तुमची ना? मीच बसवलीय, मीच काढतो, दुपारपर्यंत खाली येईल!"

"माझी नाही रे! तुझ्या बहिणीची!"

"हां, तिच्या घरची म्हणताय? मग असं करा, स्वतःच या शिडी घेऊन. एरेकाल्देतला एक पाथरवट त्या दगडाला हात लावणार नाही. ज्यानं लावला, त्याचे हात मी बघतो." आणि बेटिरी बोलला ते खोटं नव्हतं. ज्या लोकांना ग्राशियानाचा राग आला होता, तेही छिन्नी उचलायला तयार झाले नाहीत. राग आपल्या जागी, आणि हात आपल्या जागी.

मग मिगेल आन्तोननं डोंगरापलीकडनं, सरहद्दीच्या पलीकडनं, एक पाथरवट मागवला. आला बिचारा, गाढवावर अवजारं लादून. लिसार्दीच्या अंगणात उतरला. ग्राशियानानं त्याला मक्याची गरम भाकरी दिली, मेंढीच्या दुधाचं चीज दिलं. त्यानं विचारलं, "ही ढाल का काढायची?" तिनं सांगितलं. त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"ताई, पलीकडं आम्हाला दुसरं नाव आहे. पण चर्चला दार मात्र असंच वेगळं होतं."

पलीकडचा पाथरवट दुसरा कोण असणार होता? वरच्या गावच्या शहाण्यांना हे सुचलंच नव्हतं. जिथं जाल तिथं दगडाचं काम याच लोकांच्या गळ्यात मारलेलं. त्यानं भाकरी संपवली, गाढव वळवलं, आणि जाताना मिगेल आन्तोनच्या दारावर थांबून बेटिरीची ढाल मात्र मनापासून बघून गेला. "हे ज्यानं कोरलंय त्याचे हात दाखवा," म्हणाला म्हणे. ढाल बघितल्यावर म्हणणारच.

त्या दिवसांत ग्राशियानानं काय केलं असेल? ती शिडी लावून स्वतः वर चढली. राखेच्या पाण्यानं आणि घोड्याच्या ब्रशनं ढाल घासली. शेवाळ गेलं, शंभर वर्षांची काजळी गेली. मग जवसाच्या तेलात चुलीतली काजळी खलून काळी घरं एकेक करून काळी केली. खालच्या शेतातनं, पाणचक्कीकडनं, चर्चच्या पायऱ्यांवरनं, जिथनं बघाल तिथनं लिसार्दीची ढाल डोळ्यात भरायची. अख्ख्या गावात एवढी ठसठशीत ढाल दुसरी नव्हती.

समोरनं येनोबेबा ओरडली, "भिंते, सांग कुणाला तरी, आधीच आग लागलीय, त्यात तेल ओतू नको!"

शिडीवरनं उत्तर आलं, "भिंते, सांग, तेल जवसाचं आहे, भडकत नाही!"

सेंट मार्टिनचा दिवस उजाडला. त्या दिवशी घरोघरी डुक्कर कापतात, सगळी माणसं बाहेर असतात. मिगेल आन्तोन भर सकाळी आला. शिडी दोघांनी धरलेली. हातात नवी कोरी छिन्नी आणि हातोडा, बाजारातनं आणलेला. मागं निम्मं गाव. ओढ्याच्या काठावर एरेकाल्दे उभं. बेटिरीनं पुढं पाऊल टाकलं तशी ग्राशियानानं दारातनंच त्याला हातानं थांबवलं.

"दादा, तू थांब. तू आलास तर मारामारी होईल, आणि मग ते म्हणतील ढालीवरनं नाही, मारामारीवरनं झालं."

बेटिरी थांबला. आयुष्यात त्यानं कुणाचं ऐकलं असेल तर हे एवढंच.

ग्राशियाना उंबऱ्यावर उभी राहिली, ढालीच्या बरोबर खाली. मिगेल आन्तोन शिडी चढला.

"बाजूला हो. दगड डोक्यात पडेल."

"पडू दे. माझ्या घरचा दगड आहे, माझ्या डोक्यात पडेल."

त्यानं छिन्नी टेकवली आणि हातोडा मारला. एका कोपऱ्यातली एक पांढरी चौकट उडाली, ग्राशियानाच्या खांद्यावर आपटून अंगणात पडली. तिनं नुसता खांदा झटकला. त्यानं दुसरा घाव घातला. तो छिन्नीवर बसलाच नाही, अंगठ्यावर बसला. मिगेल आन्तोनच्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि तेवढ्यात ग्राशियाना हसली. अगदी मोकळी, पोटातनं.

"अहो मिगेल आन्तोन! दगडाला छिन्नी लावणं कुणाचं काम म्हणता तुम्ही? अगोताचंच ना? मग आज सगळ्या गावासमोर तुम्ही काय करताय? रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर या हां आमच्याबरोबर! जागा धरून ठेवते!"

ओढ्याच्या काठावरनं हशा उठला. आणि त्याहून वाईट म्हणजे गावाच्या बाजूनंही कुणीतरी खुसकन हसलं. मिगेल आन्तोन शिडीवर, हातात छिन्नी, अंगठा तोंडात. त्याच्या चेहऱ्याचा रंग असा उतरला, की पटातल्या पांढऱ्या घरातही तो उठून दिसला नसता.

मग समोरचं दार उघडलं. येनोबेबा बाहेर आली. हात रक्तानं माखलेले, डुकराचं काम अर्धवट टाकून आलेली. सरळ शिडीपाशी आली.

"उतर."

"येनोबेबा, तू मध्ये पडू नको. ही गावाची गोष्ट आहे."

"गावाची असेल. पण लिसार्दीचा पहिला शेजार कोण? मी! घराला आग लागली तर मी, चोर आला तर मी, आणि दगड उडाला तर मी! मला काय हौस आहे?"

"तुला ही बाई सून म्हणून चालेल का?"

"सून? मला ही डोळ्यासमोर चालत नाही! पण एन्ग्रासिया गेली तेव्हा मधमाश्यांना मी सांगितलं, नवी मालकीण ही. माझ्या तोंडानं सांगितलं! आता तू या घराची ढाल काढून म्हणणार, ही मालकीण नाही. म्हणजे येनोबेबा मधमाश्यांशी खोटं बोलली? सत्तरी ओलांडल्यावर मला माश्यांपुढं खोटी पाडतोस? माझ्या सगळ्या माश्या उडून गेल्या तर मध तू देणार?"

मिगेल आन्तोनच्या स्वतःच्या परसात मधमाश्यांची बारा पोळी होती, आणि त्याच्या बापाचा मृत्यू पहिल्या शेजारानं सांगितला नव्हता तेव्हा माश्या गेल्या होत्या, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो उतरला. शिडी धरणारे दोघं त्याच्याआधीच निघून गेले होते, म्हणून ती हलत होती. येनोबेबानं रक्ताळ हातांनी ती धरली, तो खाली आला, आणि तिनं सोडून दिली.

"हे संपलं नाही," मिगेल आन्तोन ग्राशियानाला म्हणाला.

"नाहीच संपलं. उद्या या. परवा या. मी इथंच राहते."

येनोबेबा आपल्या दाराकडं वळली. ग्राशियाना म्हणाली, "येनोबेबा..." म्हातारी थांबली नाही. "भिंते," ती जाता जाता म्हणाली, "सांग कुणाला तरी, आभार मानायला माझ्या दारात येऊ नको म्हणावं."

गेली नाही ग्राशियाना. रविवारी मात्र चर्चच्या मोठ्या दारानं आत गेली, लिसार्दीच्या मेलेल्या माणसांसाठी जिथं मेण जाळतात त्या जागेवर बसली, आणि मेण पेटवलं. शेजारच्या जागेवर येनोबेबा. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. पाद्र्यानं खोकून बघितलं, पुन्हा खोकून बघितलं, मग प्रार्थनेला सुरुवात केली. मोठं दार त्या दिवशी जे उघडं राहिलं, ते नंतर बंद करायला कुणी पुढं आलं नाही. एकेक करून वस्तीतल्या बाया त्यातनं यायला लागल्या. सलबादोर मात्र मरेपर्यंत लहान दारानंच आला. त्याला त्याच दाराची सवय होती.

ढालीचा तो उडालेला कोपरा बेटिरीला फार खटकायचा. त्यानं त्याच खाणीतला, त्याच रंगाचा दगड शोधला, चौकट अशी घडवली, की जोड शोधायला गरुडाचे डोळे हवेत. घेऊन आला.

"ग्राशी, शिडी कुठंय? संध्याकाळपर्यंत बसवून टाकतो."

"ठेव ती तिथं. बसवायची नाही."

"का गं? फुटकं तोंड घेऊन राहणार का घर?"

ग्राशियाना दारात उभी राहून वर बघत होती.

"खोऱ्यात ढाली किती आहेत दादा? सगळ्या तुम्हीच कोरल्यात. तू, बाबा, आजा. पण वरच्या गावाच्या सरदारानं स्वतःच्या हातानं काम केलेली एक तरी आहे का?"

त्यावर बेटिरीसारखा बेटिरीही हसत सुटला. मग पुढं कितीतरी वर्षं, घरी आलेल्या पाहुण्यानं वर बोट करून विचारलं, की ग्राशियाना सफरचंदाची दारू पेल्यात ओतत सांगायची, "हे ना? हे मिगेल आन्तोनचं काम. हात कच्चा होता बिचाऱ्याचा. पण पहिलंच होतं, म्हणून ठेवलंय."